खिडकीचे माप आणि कागदावरचा बेत
(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींसमोर झालेले भाषण)



आजच्या भाषणाला विषय कोणता, असे चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी 'पडदे' असे कळवले. त्यावर मंडळात थोडा हशा पिकला म्हणे. हसण्यासारखे आहेच. आपल्या पणज्यांच्या काळी कित्येक मोठ्या घरांतून बायकांना पडद्याआड ठेवीत. संस्थानी घराण्यांतून तर गोषाच असे. तो पडदा दूर व्हावा म्हणून दोन-तीन पिढ्यांनी खटपट केली, आणि ही बाई आता उभी राहून पुन्हा पडद्यांचीच गोष्ट सांगते! पण भगिनींनो, ज्याच्यामागे आपल्याला बसवीत तो पडदा दुसऱ्याने लावलेला होता. मी सांगणार आहे तो पडदा आपण मापायचा, आपण बेतायचा, आपण शिवायचा आणि त्याचे दामही आपणच मोजून घ्यायचे.

शिवण आपल्याला नवी नाही. या सभेत बसलेल्यांपैकी निम्म्याअधिक जणींच्या घरी यंत्र आहे. पोलके, परकर, फॉल-पिको, पोरांचे गणवेश हे सारे आपण करतो. पण हे काम लग्नसराईत आणि दिवाळीत ढिगाने येते आणि पावसाळ्यात यंत्रावर कापड पांघरून ठेवावे लागते. दुसरीकडे पाहा. आपल्या खोऱ्यांतून धरणे झाली. वेळवंडीवर भाटघर झाले, पुढे पानशेत झाले, वरसगाव झाले. त्या पाण्याखाली गावे गेली, शेते गेली, कित्येकींची माहेरे गेली. आज त्याच पाण्याच्या काठाने शहरातल्या लोकांची टुमदार घरे उभी राहिली आहेत. पाणी आणि डोंगर दिसावेत म्हणून त्यांना भिंतभर खिडक्या ठेवलेल्या असतात. त्या खिडक्यांना पडदे लागतात, आणि ते पडदे बहुधा शहरातून शिवून येतात.

आता कोणी म्हणेल, आम्हीही पडदे शिवतो की! शिवतो खऱ्या. पण कसे? दुकानदाराकडून कापलेले कापड गठ्ठ्याने येते, आपण टीप मारतो, गठ्ठा परत जातो. नगावर मजुरी मिळते. खिडकी आपण पाहिलेली नसते, माप आपण घेतलेले नसते, कात्री आपण चालवलेली नसते. मापणाराचे आणि कापणाराचे दाम निराळे, टीप मारणारीचे निराळे. दोन्हींत अंतर का? तर चुकले तर कापड वाया जाईल ही जोखीम कापणारा घेतो. ही जोखीम हिंमतीने नव्हे, कागदाने कमी होते. आधी कागदावर बेतावे, मग कापडावर जावे. आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकीचे सारे त्याचाच खुलासा समजा.

शिंप्याचे बेतणे हे पूर्वी त्याच्या हातात आणि डोक्यात असे. ते बापाकडून मुलाकडे जाई. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले आणि शिंप्याच्या डोक्यातली विद्या घरोघरच्या बायकांच्या टेबलावर आली. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथे लिहिणे-वाचणे शिकवले जाई तसे शिवणकामही शिकवले जाई, कारण स्वतःच्या पायावर उभे राहायचे तर अक्षर आणि हुन्नर दोन्ही हवेत. कागदी नमुना म्हणजे या दोहोंची गाठ आहे. तो हुन्नरच, पण लिहून ठेवलेला.

झालरीचा पडदा ही काही सर्वस्वी परकी वस्तू नाही. आपल्या जुन्या घरांतून चिकाचे पडदे असत, उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवून लावीत, लग्नाच्या मांडवाला कनाती आणि वर चांदवा असे. गणपतीच्या मखराला आपण जी चुणीदार झालर लावतो, ती खिडकीच्या झालरीची सख्खी बहीणच. युरोपात जुन्या रोमन काळापासून इमारतींवर फुलापानांच्या लोंबत्या माळा कोरीत. आपल्या दारावरच्या तोरणासारखाच तो प्रकार. पुढे त्याच आकाराचे कापड खिडकीच्या माथ्यावर लोंबू लागले. इंग्रजी अमदानीत संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतून ती तऱ्हा इकडे आली. आपल्या भोरचे पंतसचिवांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण राजवाडा अजून उभा आहे. चौकांचा मराठी वाडा आणि युरोपीय धर्तीची सजावट एकाच छताखाली कशी नांदते, ते पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

असो. आता कामाकडे वळू.

पहिली गोष्ट माप. खिडकीचे माप तिच्या चौकटीवरून घेऊ नये. पडदा जिथे टांगायचा त्या दांडीवरून घ्यावे. दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच तरी बाहेर असावी, म्हणजे पडदा बाजूला सारला की उजेड अडत नाही. जुन्या घरांत खिडकीची दारे आत उघडतात. तिथे दार उघडून पाहावे आणि मगच दांडीची जागा ठरवावी. नाहीतर सुंदर शिवलेला पडदा रोज दारात अडकतो.

रुंदी तीन ठिकाणी घ्यावी, वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडे, मधोमध आणि उजवीकडे घ्यावी. दोरीला जड किल्ली बांधून गवंड्यासारखा ओळंबा सोडावा. आपल्या जुन्या दगडमातीच्या घरांतून एकही भिंत काटकोनात सापडायची नाही, आणि नव्या घरांतून सापडेलच असा भरवसा नाही. माझ्या परिचयाच्या एका भगिनीला पाच खिडक्यांचे काम मिळाले. सुताराने सांगितले, "बाई, पाचही सारख्याच आहेत, एकीचे माप घ्या." तिने पाचही मोजल्या. जमीन उताराची होती. पहिल्या आणि पाचव्या खिडकीच्या उंचीत दीड इंचाचा फरक निघाला. एका मापाने पाच पडदे शिवले असते तर एक जमिनीवर लोळला असता आणि एक परकरासारखा वर राहिला असता. माप घेण्यात गेलेली अर्धी घटका दोन दिवसांची उसवण वाचवते.

दुसरी गोष्ट साध्या पडद्याचा हिशेब. उदाहरण घेऊ. दांडी ६० इंच आहे. पडद्याला घेर हवा. निऱ्या नसलेले लुगडे जसे दिसेल तसा घेर नसलेला पडदा दिसतो. जाड कापडाला दांडीच्या दुप्पट, पातळ जाळीदार कापडाला अडीचपट ते तिप्पट घेर धरावा. जाड कापड धरले तर दुप्पट म्हणजे १२० इंच. दोन पडदे, त्यांच्या चार कडा, दर कडेला दीड इंच मुडप, म्हणजे ६ इंच. एकूण १२६. कापडाचा पन्हा ५४ इंच असेल तर दोन पन्हे पुरत नाहीत, तीन घ्यावे लागतात. दर पडद्याला दीड पन्हा आला आणि घेरही थोडा जास्त मिळाला. अर्ध्या पन्ह्याचा जोड बाहेरच्या कडेला, भिंतीकडे ठेवावा, म्हणजे तो डोळ्यांत भरत नाही.

आता लांबी. दांडीच्या कडीपासून जमिनीपर्यंत ८४ इंच असेल तर पडदा जमिनीपासून इंचभर वर ठेवावा, म्हणजे ८३. आपल्या भागात फरशी पावसाळ्यात ओलावते. तिला टेकलेल्या पडद्याच्या कडेला बुरशीचे ठिपके पडतात. खाली चार इंचांची दुहेरी मुडप धरून ८ इंच, वर नेफ्याला किंवा पट्टीला ४ इंच. झाले ९५. सुती कापड धुतल्यावर आटते. शंभर इंचाला तीन इंच आटेल असे धरले तर विकत घेताना ९८ इंच धरावे. तीन पन्हे गुणिले ९८ म्हणजे २९४ इंच, सुमारे साडेसात मीटर. कापड घरी आणून आधी भिजवावे, वाळवावे, इस्त्री करावी आणि मगच कापावे. छापाचे कापड असेल तर नक्षी जिथून पुन्हा सुरू होते ते अंतर मोजावे आणि दर पन्ह्याला तेवढे जास्त धरावे, म्हणजे दोन्ही पडद्यांवरची फुले एका ओळीत येतील. हा हिशेब कागदावर लिहून गिऱ्हाइकाला दाखवावा. तोंडी सांगितलेल्या साडेसात मीटरांवर वाद होतो. मांडून दाखवलेल्या साडेसात मीटरांवर होत नाही.

तिसरी आणि खरी अवघड गोष्ट म्हणजे माथ्यावरची झालर. इंग्रजीत तिला स्वॅग म्हणतात. खिडकीच्या वर फळी असते. फळीच्या दोन टोकांना कापड निऱ्या घालून धरलेले असते आणि मध्ये ते झोकदार खाली आलेले असते. दोरी सैल सोडली की तिला झोल पडतो असे आपण म्हणतो. म्हणून मी यालाही झोल म्हणते. हल्लीची मुले लबाडीलाही झोल म्हणतात. त्यांना सांगा, आमचा झोल इंचाइंचाने मोजलेला असतो!

झोल पाहिला की बायका म्हणतात, "हे काही आपल्याला जमायचे नाही, याला शहरातला कारागीर हवा." कारण सरळ कापडातून वाकडा आकार कसा निघतो ते दिसत नाही. ते कोडे एका माळेने सुटते. मण्यांची लांब माळ किंवा बारीक साखळी घ्या. जिथे झोलाची दोन टोके येणार तिथे ती भिंतीवर धरा आणि जेवढा झोल हवा तेवढी मध्ये सैल सोडा. माळ आपोआप जी कमान धरते तीच झोलाची खालची कड. दोन टोकांना धरून सोडलेल्या साखळीचा आकार नेमका कोणता, हा प्रश्न युरोपातल्या मोठमोठ्या गणितज्ञांना छळत होता. १६९१ साली हायगेन्स, लायब्निट्स आणि योहान बर्नुली या तिघांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. आपल्याला ते गणित मांडायचे नाही. माळ ते गणित करून देते. आपण फक्त टेप लावायचा.

समजा खिडकी उंच आहे आणि फळी ४० इंच रुंद आहे. झोलाची खोली पडद्याच्या एकंदर उंचीच्या पाचव्या ते सहाव्या हिश्शाइतकी शोभते. उंची ८४ इंच, तेव्हा खोली १४ इंच घेऊ. ४० इंचांवर दोन टोके धरून माळ मध्ये १४ इंच खाली सोडली तर माळेची लांबी सुमारे ५१ इंच भरते. घरी करून पाहा. एकदा डोळ्यांनी पाहिले की माझ्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.

आता कागद घ्या. खाकी कागद नसेल तर जुनी वर्तमानपत्रे खळीने जोडा. कागदाची मधोमध घडी घाला. घडीची कड म्हणजे झोलाची मधली रेघ. आपण अर्धाच नमुना काढायचा आहे, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात.

फळीच्या दोन्ही टोकांना निऱ्यांसाठी सहा-सहा इंच जागा ठेवू. मध्ये उरले २८ इंच. ही झोलाची वरची सपाट कड. तिचे निम्मे १४. घडीपासून वरच्या रेघेवर १४ इंचांवर खूण करा.

मधल्या रेघेवर वरून खाली ३२ इंच मोजा. तुम्ही विचाराल, झोल तर १४ इंच खोल आहे, मग ३२ कशाला? कारण कापड सपाट पडणार नाही, एकाखाली एक घड्या पडत पडत खाली येणार. खोलीच्या दुपटीहून थोडे अधिक कापड त्या घड्या पोटात घेतात. याहून कमी घेतले तर झोल ओढल्यासारखा दिसतो, फार जास्त घेतले तर गाठोड्यासारखा.

खाली आडवी रेघ काढा. माळेची लांबी ५१, तिचे निम्मे साडेपंचवीस. घडीपासून तेवढ्यावर खूण करा. टोकाकडे जाताना ही रेघ हलकेच इंचभर वर घ्या, म्हणजे कोपरा फार टोकदार राहत नाही. आता वरची १४ इंचांवरची खूण आणि खालच्या रेघेचे टोक सरळ तिरप्या रेघेने जोडा. ही तिरपी रेघ सुमारे ३३ इंच भरेल. तिचे सहा सारखे भाग करा. हे सहा भाग म्हणजे सहा निऱ्या. फळीवर निऱ्यांसाठी सहा इंच राखलेले आहेत. दर निरीला एक इंच. वरून पहिली खूण उचलून फळीच्या मध्यापासून १५ इंचांवर, दुसरी १६ वर, अशी सहावी खूण, म्हणजे कापडाचा खालचा कोपरा, बरोबर २० इंचांवर, फळीच्या टोकाला येते. वरची कड आखूड म्हणून ताठ राहते, खालची लांब म्हणून माळेसारखी लोंबते, आणि मधल्या घड्या दोहोंच्या मधली वाट धरतात. झोलाचे सारे रहस्य एवढेच. लुगड्याच्या निऱ्या चिमटीत धरणाऱ्या हाताला यात नवे काय आहे?

नमुन्यावर शिवणमाया वेगळ्या रेघेने दाखवा: वर आणि तिरप्या बाजूंना अर्धा इंच, खाली मुडपीला एक इंच. मग त्यावर बाण काढा. हा बाण फार महत्त्वाचा. झोलाचे कापड उभ्या धाग्यावर कापले तर घड्या ताठ पडतात आणि मध्येच कोन धरतात. ते तिरके कापावे. शिंपी ज्याला उरेप म्हणतात तसे. मधली रेघ उभ्या धाग्याशी ४५ अंशांचा कोन करील असा नमुना ठेवावा. ५४ इंच पन्ह्याचे १.४ मीटर कापड असले की हा नमुना त्यात तिरका बसतो. उरलेले कोपरे फेकू नका. पडदे बांधायच्या पट्ट्या त्यातूनच निघतात. मोठी नक्षी किंवा उभे पट्टे असलेले कापड मात्र तिरके चालत नाही. तशा कापडाचा झोल घेऊ नये असे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. आणि खिडकी फार रुंद असेल तर एकच अवाढव्य झोल न करता दोन-तीन झोल एकमेकांवर थोडे चढवून बसवावे.

आता कोणी घाई करून नव्या कापडाला कात्री लावील. तिला थांबवा. घरात जुने सुती लुगडे असते, फाटलेली चादर असते. त्यातून आधी चाचणीचा झोल कापा. पन्हा कमी पडला तर जोड द्या. चाचणीच्या कापडाला जोडाची लाज नसते. टाचण्यांनी फळीवर लावा, चार पावले मागे जाऊन पाहा. एखादी घडी फुगते आहे का? खालची कड एका बाजूला कललेली आहे का? खूण अर्धा इंच वर-खाली करा आणि ती दुरुस्ती लगेच कागदावर उतरवा. लुगड्यावर झालेली दुरुस्ती फुकट असते. गिऱ्हाइकाच्या भारी कापडावर झालेली दुरुस्ती आपल्या मजुरीतून जाते.

झोलाच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरणारे पदर लावतात. ते झोलाहून सोपे. दिसायला १० इंच रुंद पदर हवा असेल तर निऱ्यांसाठी तिप्पट, म्हणजे ३० इंच रुंद कागद घ्या. खिडकीच्या मध्याकडची कड आखूड ठेवा, समजा १६ इंच. भिंतीकडची लांब, समजा ४२ इंच. दोन्हींची खालची टोके तिरप्या रेघेने जोडा. निऱ्या घातल्या की ती तिरपी रेघ नागमोडी होऊन उतरते. हे कापड उभ्या धाग्यावरच कापावे. निऱ्यांच्या पोटातून अस्तर दिसते, म्हणून पदराचे अस्तर शोभेल अशा रंगाचे घ्यावे. झोलाला अस्तर लावायचे असेल तर तेही उरेपच कापावे. वरचे तिरके आणि आतले सरळ असे झाले तर दोन्ही एकमेकांना ओढतात.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. तोरणा-राजगडाच्या बाजूला पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको. महिना महिना ऊन दिसत नाही. तिथे जाड मखमल घेऊ नये, ती ओल धरून बसते. धुता येईल असे सुती किंवा मिश्र धाग्याचे कापड सुचवावे. झोल आणि पदर फळीला खिळ्यांनी कायमचे ठोकू नयेत. चिकटपट्टीने किंवा बटणांनी लावावे, म्हणजे पावसाळ्याआधी काढून ठेवता येतात आणि गौरी-गणपतीला पुन्हा लावता येतात. स्वैपाकाच्या ओट्याजवळच्या खिडकीला लोंबता पडदा कोणी मागितला तरी देऊ नये. तिथे आखूड पडदाच बरा. घरात लहान मूल असेल तर पडदा ओढायची दोरी खाली लोंबती ठेवू नये; मुलाच्या गळ्यात ती अडकू शकते. गिऱ्हाइकाला नाही म्हणणे हादेखील कारागिरीचा भाग आहे.

काम संपले की नमुन्याचा कागद चुलीत घालू नका. त्यावर लिहा: तारीख, फळीची रुंदी, झोलाची खोली, माळेची लांबी, निऱ्यांची संख्या, धाग्याचा बाण, कापडाचा पन्हा आणि किती लागले ते. गुंडाळून, कडुलिंबाची पाने घालून डब्यात ठेवा. पुढच्या वेळी ४० इंचांची खिडकी आली की निम्मे काम झालेले असेल. ४४ इंचांची आली तर वरची सपाट कड आणि माळ नव्याने मोजा; रीत तीच. दहा नमुने जमले की ती तुमची पेढी झाली.

आता दामाविषयी. "काय द्यायचे ते द्या" हे वाक्य आपण आपल्या तोंडून काढून टाकले पाहिजे. त्यात विनय दिसतो, पण पुढच्या बाईचाही दर त्याने पडतो. बिलात कापड, अस्तर, दोरा, पट्टी वेगळी मांडावी. माप घ्यायला गेल्याचे एस.टी.चे भाडे आणि वेळ वेगळा मांडावा. बेतण्याचे वेगळे मांडावे. शिलाई वेगळी. लावून देण्याचे वेगळे. गिऱ्हाइक घासाघीस करील, करू द्या. पण बेतण्याला मोल आहे हे त्याला बिलावरून तरी कळेल. आणि तितकेच महत्त्वाचे, ते आपल्या घरच्यांनाही कळेल. "बसल्या बसल्या शिवते" असे म्हणणाऱ्यांनी तो कागद एकदा वाचावा.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. एकेकटीने हे काम धरले तर चार खिडक्यांचे घर मिळेल. वीस खिडक्यांचे मिळणार नाही, कारण वीस खिडक्या एका यंत्रावर वेळेत होत नाहीत. पण कागदी नमुना असला की एकीने बेतलेले दुसरी कापू शकते आणि तिसरी शिवू शकते, आणि सारे एकाच मापाचे निघते. भोरची भगिनी माप घेईल, वेल्ह्याची शिवेल, पानशेतकडची जाऊन लावून देईल. म्हणून मंडळाने एक नमुन्यांची पेटी करावी. जिने नमुना बेतला तिचे नाव त्यावर राहावे. तो वापरणारीने थोडी रक्कम पेटीत टाकावी. त्या रकमेतून मोठी कात्री, फळ्या, कापायचे लांब टेबल घ्यावे. आपल्या सुनामुलींपैकी ज्या शाळेत भूमिती शिकल्या आहेत, त्यांना कोन आणि कमानी काढायला बोलवावे. आपल्यापैकी ज्यांचा हात निऱ्यांवर बसलेला आहे, त्यांनी त्या मुलींना कापड कसे पडते ते दाखवावे. दोघींनाही एकमेकींची गरज आहे.

सुरुवात दूर जाऊन करायची नाही. या सभागृहाला तीन खिडक्या आहेत आणि तिन्ही उघड्या आहेत. चहापानानंतर टेप, माळ आणि कागद घेऊन तिथेच बसू. तीन गट करू, एकेका गटाने एकेक खिडकी मोजावी. तिन्हींची मापे सारखी निघाली तर मला सांगा. माझा अंदाज आहे की निघायची नाहीत.

मंडळाच्या कामाला यश येवो आणि ही पेटी पुढच्या वर्धापनदिनापर्यंत भरलेली दिसो, अशी इच्छा व्यक्त करते.